समुद्राकडे पाठ करून बसलेलं घर

बंदराजवळच्या जुन्या शेतघराची जाहिरात उघडली की पहिला फोटो हमखास समुद्राचा असतो. पाहुणे त्या फोटोवर भाळतात, पोहोचतात, बॅगा आत टाकतात आणि खिडकीकडे धावतात. समुद्राच्या बाजूला बहुतेकदा खिडकीच नसते. असलीच तर हातभर रुंदीची, कोनाड्यासारखी खोल. मोठ्या खिडक्या, मुख्य दार, बसायचा दगडी ओटा, सगळं विरुद्ध बाजूला, अंगणाकडे. घर चक्क समुद्राकडे पाठ करून बसलेलं असतं.

(फार्महाऊस या शब्दाला हल्ली लॉनचा आणि तरणतलावाचा वास येतो, म्हणून मी शेतघर म्हणतो. दीडदोनशे किंवा त्याहून जास्त वर्षांपूर्वी कसणाऱ्या कुटुंबानं थंड, ओल्या किनाऱ्यावर बांधलेलं दगडी घर, आता सुट्टीसाठी आठवड्याच्या हिशोबानं भाड्यानं मिळणारं.)

हे घर ज्यानं बांधलं त्याला समुद्राचा देखावा नको होता. त्याच्या लेखी समुद्र म्हणजे खारा वारा, आडवा पाऊस आणि कोवळ्या पिकावर बसणारं मीठ. बोटवाले पाण्याला खेटून राहिले, कारण त्यांचं पोट धक्क्याला बांधलेलं होतं. शेतकऱ्यानं टेकडीचा आडोसा पाहिला, गोड्या पाण्याचा झरा पाहिला आणि बंदरापासून थोडं आत, खळग्यात घर घातलं. वाऱ्याच्या तोंडाला घराची निमुळती बाजू, नाहीतर कोठाराची आंधळी भिंत. उत्तर-पश्चिम युरोपातल्या लांबट शेतघरांत एकाच छपराखाली एका टोकाला माणसं आणि दुसऱ्या टोकाला गुरं राहायची. गुरांचं टोक नेहमी उताराला, म्हणजे मूत-शेण माणसांकडे न येता बाहेर वाहून जाई. आज त्या टोकाला पॉश बाथरूम असतं. फरशीचा उतार मात्र तोच राहिलेला असतो, आणि पाहुणे विचारतात की टेबल का डुगडुगतं.

अशा घरात आठवडा काढणाऱ्यांच्या तक्रारी ठरलेल्या: कुबट वास येतो, खोली तापतच नाही, शेकोटीचा धूर घरात येतो, संडास तुंबला. एखादी तक्रार खरंच दुरुस्तीची असते. बाकीच्या बहुतेक, घर ज्या रीतीनं चालायला बांधलंय त्या रीतीनं न चालवल्यामुळे उद्भवतात. म्हणून सुरुवात भिंतीपासून.

अशी भिंत साधारण ५० ते ६० सेंटिमीटर जाड असते, पण ती सलग दगडाची नसते. आतून एक दगडी थर, बाहेरून एक, आणि मधल्या पोकळीत कपऱ्या, माती, चुना. पायाशी ओल रोखणारा कोणताही पडदा नाही. पाणी भिंतीत येणार हे गृहीत धरलेलंच होतं. प्रश्न फक्त ते परत बाहेर कसं जाणार एवढाच. ते काम चुन्याचं. चुनखडक सुमारे ९०० अंश सेल्सियसला भाजतात, पाण्यात विझवतात, त्यात वाळू मिसळून दर्जा, म्हणजे दगडांमधल्या फटी, भरतात आणि गिलावा करतात. हा चुना हवेतला कार्बन डायॉक्साइड शोषत महिनोन्‌महिने हळूहळू पुन्हा दगड होत जातो. तरीही तो मऊ आणि सच्छिद्र राहतो. पावसाचं पाणी भिंतीत जिरतं आणि वारा सुटला की चुन्याच्या दर्जांतून उडून जातं.

मग सिमेंट आलं. जोसेफ ॲस्पडिननं पोर्टलंड सिमेंटचं पेटंट १८२४ साली घेतलं, आणि विसाव्या शतकात जुन्या घरांच्या डागडुजीला तेच सर्रास वापरलं गेलं. सिमेंट कडक. भिंत थोडी हलली की त्याला केसाएवढ्या चिरा पडतात, चिरांतून पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट उरत नाही. मग ते घराच्या आत उगवतं. हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर बाहेरच्या भिंतीशी वीतभर अंतरावर उभं राहा. दोन दगडांमधली रेघ पांढुरकी, किंचित आत गेलेली आणि नखानं खरवडली की भुरभुरणारी असेल तर चुना. रेघ करडी, टणक आणि दगडाच्या पुढे आलेली असेल तर सिमेंट. काही भिंतींवर दगड झिजून आत गेलेला आणि सिमेंटच्या रेघा तेवढ्या मधाच्या पोळ्यासारख्या उभ्या राहिलेल्या दिसतात. झिजायचं काम दर्जेचं होतं, ते दगडाच्या वाट्याला आलं. जुनं घर ‘नवं’ करू नका, दुरुस्त करत राहा, असं म्हणत कलावंत-लेखक विल्यम मॉरिस यांनी १८७७ मध्ये इंग्लंडमध्ये प्राचीन इमारतींच्या संरक्षणाची संस्था काढली, तेव्हा त्यांचा रोख चर्चच्या ‘जीर्णोद्धारा’वर होता. पण तो नियम शेतघराच्या दर्जेलाही तंतोतंत लागू पडतो.

समुद्राजवळ आणखी एक भानगड असते ती मिठाची. वाऱ्यानं आलेलं मीठ भिंतीत मुरतं. कधी पूर्वीच्या गवंड्यानं किनाऱ्याची न धुतलेली वाळूच गिलाव्याला वापरलेली असते. मीठ हवेतली ओल ओढतं. म्हणून दमट दिवशी भिंतीवर नकाशासारखा डाग उमटतो आणि कोरडा वारा सुटला की नाहीसा होतो. लोणा लागून गिलाव्याचे पापुद्रे निघतात ते याच मिठामुळे. धुराड्याच्या छातीवर, म्हणजे शेकोटीच्या वरच्या भिंतीवर, असा पिवळट डाग दिसला तर पाहुणे छप्पर गळतंय म्हणून फोन करतात. छप्परही कारण असू शकतं. पण वर्षानुवर्षांच्या काजळीतले क्षार विटांत मुरलेले असले, तर पाऊस नसतानाही तो डाग येतो. ओळख सोपी आहे. पाऊस पडल्यावर काही तासांत वाढतो तो डाग छपराचा. पाऊस असो-नसो, हवा दमट झाली की येतो आणि कोरडी झाली की जातो, तो मिठाचा.

आता आतली ओल. २० अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असलेली हवा १२ अंशांच्या पृष्ठभागाला टेकली की पाणी सोडते. शेकोटीनं खोलीतली हवा तासाभरात २० अंशांवर जाते. आठवडाभर बंद असलेल्या घराची भिंत अजून १० अंशांवर असते. त्यात चार माणसं रात्रभरात श्वासावाटे आणि घामावाटे लिटरभराहून जास्त पाणी हवेत सोडतात. खोलीत एक धुणं वाळत घातलं की आणखी दोनेक लिटर. हे सगळं पाणी सगळ्यात थंड जागा शोधतं: बाहेरच्या भिंतीला चिकटवलेल्या कपाटाची पाठ, कोपरा, खिडकीची काच, पलंगाचं डोकं. बुरशी तिथेच येते. म्हणून पलंग आणि कपाट बाहेरच्या भिंतीपासून दहा सेंटिमीटर तरी सुटे ठेवायचे. काळजी घेणाऱ्या घरांत ते तसेच ठेवलेले असतात आणि पाहुणे नीटनेटकं दिसावं म्हणून भिंतीला लावतात. धुणं बाहेर, नाहीतर खिडकी उघडी असलेल्या खोलीत दार लावून. सकाळी उठल्यावर समोरासमोरच्या खिडक्या पंधरा मिनिटं उघडायच्या. एवढ्यात हवा बदलते, भिंतीतली ऊब जात नाही.

याला एक अपवाद आहे. वसंताच्या शेवटी पहिला उबदार, दमट दिवस उजाडतो तेव्हा लोक हौसेनं सगळं घर सताड उघडतात, आणि तासाभरात फरशी ओली होते. जमिनीतून पाणी वर आलं असं वाटतं. प्रत्यक्षात बाहेरची दमट हवा थंड दगडावर येऊन पाणी सोडते, फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला घाम येतो तसंच. त्या दिवशी खिडक्या दुपारी बंद ठेवून पहाटे उघडायच्या. आणि हो, फरशीवर रबरी पाठीचा गालिचा टाकू नका. दगडी फरशी थेट मातीवर बसवलेली असते, तिची वाफ रबराखाली कोंडते आणि दोन दिवसांत वास सुटतो.

जाड भिंतीला घाई माहीत नसते. तिला तापायला एक-दोन दिवस लागतात आणि निवायलाही तेवढेच. त्यामुळे संध्याकाळी चार तास हीटर पूर्ण ताकदीनं लावणं आणि बाहेर पडताना बंद करणं, ही फ्लॅटमधली सवय इथे महाग पडते. हवा तापते, भिंत गारच राहते, आणि गार भिंतीशेजारी बसलेलं शरीर तिच्याकडे उष्णता घालवत राहतं. २२ अंशांतही कुडकुडल्यासारखं वाटतं ते यामुळे. पोहोचल्यापासून निघेपर्यंत चोवीस तास १६-१७ अंश ठेवा, संध्याकाळी शेकोटीची भर घाला. तिसऱ्या दिवशी घर तुमच्या बाजूनं येतं. दोन रात्रींसाठी आलेल्यांना ते सुख कधी कळतच नाही. म्हणून हिवाळ्यात अशा घरात दोन रात्रींचा मुक्काम करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

शेकोटीचं शास्त्र स्वतंत्र. मुळातलं तोंड इतकं मोठं असायचं की आत बाक टाकून माणूस बसे. त्यातली बहुतेक उष्णता सरळ आकाशात जाई, आणि जाताना खोलीतली गरम हवाही ओढून नेई. काउंट रमफर्ड या शास्त्रज्ञानं १७९६ मध्ये यावर निबंध लिहिला: तोंड लहान करा, बाजूच्या भिंती तिरक्या करा म्हणजे उष्णता खोलीत परतेल, आणि धुराड्याचा गळा अरुंद करा. पुढे त्या मोठ्या तोंडात लोखंडी स्टोव्ह बसले. आजच्या शेतघरात बहुधा तोच असतो.

पेटवण्याआधी भिंतीवरचा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बटण दाबून वाजवून पाहा. वाजला नाही तर पेटवू नका, आधी देखभाल करणाऱ्यांना फोन. घरातल्या सगळ्यांचं एकदम डोकं दुखायला लागलं, मळमळलं, ताप नाही आणि बाहेर गेल्यावर बरं वाटलं, तर दमट हवेला दोष देऊ नका. सगळ्यांनी बाहेर पडायचं आणि आपत्कालीन मदत बोलवायची.

मग धुराड्याची झडप पूर्ण उघडी आहे ना ते पाहायचं. बंद घराच्या धुराड्यात गार हवेचा खांब उतरून बसलेला असतो. त्याच्याखाली आग लावली की धूर वर जाण्याऐवजी खोलीत येतो. तो खांब हलवायला वर्तमानपत्राची एक सुरळी पेटवून स्टोव्हच्या आत, वरच्या बाजूला, धुराच्या वाटेशी अर्धा मिनिट धरायची. ज्योत वर ओढली जाताना दिसली आणि हलकासा घुमण्याचा आवाज आला की वाट मोकळी झाली. तरीही धूर परत येत असेल तर स्वयंपाकघरातला पंखा बंद करा. तो घरातली हवा बाहेर फेकतो आणि तिची भरपाई धुराड्यातून होते. खिडकी बोटभर उघडली तरी फरक पडतो.

रचना उलटी करायची, म्हणजे आग वरून खाली उतरवायची. तळाला मनगटाहून जाड दोन-तीन फोडलेले ओंडके, मध्ये थोडी फट ठेवून. त्यावर अंगठ्याएवढ्या सात-आठ ढलप्या, आडव्या-उभ्या, दोन थरांत. सगळ्यात वर काडी आणि आग लावायची वडी. वरून पेटलं की धूर ज्वाळेतूनच जातो आणि जळून जातो, धुराडं लवकर तापतं, काच काळी होत नाही. खालून पेटवायची सवय असलेल्यांना पाच मिनिटं विश्वास बसत नाही.

लाकूड ओलं असेल तर यातलं काहीच उपयोगाचं नाही. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणी असू शकतं. जाळण्याजोग्या लाकडात ते २० टक्क्यांखाली हवं. त्यासाठी ओंडके फोडून, छपराखाली, वारा लागेल असे वर्ष-दोन वर्षं रचून ठेवावे लागतात. दोन ओंडके एकमेकांवर आपटले की कोरड्याचा खणखणीत आवाज येतो, ओल्याचा ढप्प. कोरड्याच्या टोकांना चांदणीसारख्या चिरा असतात. ओलं लाकूड धुमसतं आणि त्याचा डांबरट थर धुराड्यात बसतो. एके दिवशी तोच थर पेटतो, तेव्हा धुराड्यातून आगगाडीसारखा आवाज येतो. तसं झालं तर हवेच्या झडपा बंद करून सगळ्यांनी बाहेर पडायचं आणि अग्निशमन दलाला बोलवायचं.

बंदराजवळच्या घरात एक मोह ठरलेला: किनाऱ्यावर वाहून आलेलं, रुपेरी झालेलं लाकूड. सुंदर दिसतं, फुकट मिळतं आणि निळसर ज्वाळांनी जळतं. जाळू नका. त्यात मुरलेल्या मिठातला क्लोरिन स्टोव्हचं लोखंड आणि धुराड्याचं अस्तर खातो, आणि धुरात डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्यं तयार होतात. ते लाकूड खिडकीत ठेवायचं.

राख गार दिसते पण तिच्या पोटात निखारा दोन-तीन दिवसही जिवंत राहू शकतो. झाकणाच्या पत्र्याच्या बादलीत भरून बादली बाहेर, दगडावर. प्लास्टिकच्या कचरापेटीत टाकलेल्या राखेनं आगी लागतात, आणि त्या नेमक्या पाहुणे निघून गेल्यावर लागतात.

आता थोडं वर पाहा. छताच्या तुळयांत रिकामी चौकोनी भोकं दिसतात आणि घरातल्या माहितीच्या फायलीत लिहिलेलं असतं की या तुळया जुन्या जहाजाच्या आहेत. बंदराच्या पंचक्रोशीत हे न सांगणारं शेतघर विरळा. कथा गोड आहे आणि बहुतेक वेळा खोटी. जहाजाची लाकडं वाकडी असतात, त्यांत दाटीनं लाकडी मेखांची आणि लोखंडी खिळ्यांची भोकं असतात, लोखंडाचे काळे डाग असतात. सरळ, लांब तुळई त्यातून निघणं अवघड, आणि बैलगाडीवर ती चढावर आणायची तर शेजारचं झाड तोडणं स्वस्त. रिकामी भोकं असतात ती कधीतरी काढून टाकलेल्या फळ्यांच्या भिंतीची, नाहीतर आधीच्या एखाद्या घरातून काढून पुन्हा वापरलेल्या लाकडाची. म्हणजे तुळई खरंच सेकंडहँड असू शकते, फक्त ती पाण्यावर गेलेली नसते. तळघरातून बंदरापर्यंत जाणारा ‘चोरट्यांचा बोगदा’ही याच जातीचा, पाच पावलं आत गेलं की तो सांडपाण्याचा नाला निघतो.

खऱ्या खुणा जास्त मजेदार आहेत, पण त्यांना दिवा आडवा धरावा लागतो. रात्री खोलीतले दिवे घालवा आणि टॉर्चचा झोत तुळईला समांतर सोडा. सांध्याजवळ छिन्नीनं कोरलेले रोमन आकडे दिसतील, चारसाठी चार उभ्या रेघा. सुतार आधी सगळा सांगाडा अंगणात जमिनीवर जुळवायचा, प्रत्येक सांध्याच्या दोन्ही लाकडांवर एकच आकडा घालायचा, मग सुटा करून जागेवर उभा करायचा. करवतीच्या खुणा सरळ पण अनियमित असतील तर लाकूड दोन माणसांनी हातानं कापलेलं. कमानीसारख्या गोल रेघा असतील तर ते गोल करवतीच्या यंत्राचं, म्हणजे बरंच अलीकडचं. कुठे पेन्सिलीएवढं भोक लाकडी गुडदीनं बुजवलेलं दिसलं तर आनंद माना. कुणीतरी वर्षवलयांचा नमुना काढून घराचं वय ठरवलंय. ए. ई. डग्लस या खगोलशास्त्रज्ञानं १९२९ मध्ये याच पद्धतीनं अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातल्या प्राचीन वस्त्यांना सालं दिली. नमुन्यात सालीखालचं शेवटचं वलय शाबूत असेल तर झाड कोणत्या वर्षी तोडलं ते कळतं, आणि ओक ओला असतानाच घडवत असल्यामुळे घरही त्याच सुमाराचं असतं. ओलं लाकूड जागेवर वाळतं, पिळवटतं, लांबच्या लांब तडकतं. ते तडे पाहून घाबरायचं कारण नाही, ते घराच्या लहानपणीचे आहेत.

खिडकीच्या जुन्या काचेत बाहेरचं जग लाटांसारखं हलतं. काच शतकानुशतकं खाली ओघळते म्हणून ती तळाशी जाड असते, हे सर्रास सांगितलं जातं आणि चूक आहे. जुन्या पद्धतीनं फुंकून केलेली काच मुळातच कमीजास्त जाडीची निघायची. वरखाली सरकणारी खिडकी असेल तर तिची झडप दोरीनं टांगलेली असते आणि चौकटीच्या पोटात तिच्या वजनाचं लोखंड लोंबकळतं. वरची झडप चार बोटं खाली आणि खालची चार बोटं वर केली की गरम हवा वरून जाते आणि गार हवा खालून येते. खिडकी अडली तर जोर लावू नका. बहुधा रंगानं चिकटलेली असते, आणि जोरानं दोरी तुटते किंवा दोनशे वर्षांची काच जाते.

पाणी आणि सांडपाणी याबद्दल लोक सगळ्यात कमी विचारतात. घर आठवडाभर बंद असेल तर पोहोचल्यावर सगळे नळ पाच मिनिटं सोडून ठेवा, शॉवरचं तोंड बादलीत बुडवून, म्हणजे तुषार उडणार नाहीत. २० ते ४५ अंशांच्या साचलेल्या पाण्यात न्यूमोनियासारखा आजार करणारा लिजिओनेला जिवाणू वाढतो आणि तो श्वासावाटे आत जातो. गरम पाण्याची टाकी ६० अंशांवर असावी. पाणी स्वतःच्या विहिरीचं असेल तर सिंकखाली अतिनील दिव्याचं नळकांडं असतं. वीज गेली की तो दिवाही गेला, तेव्हा पाणी उकळूनच प्यायचं. सांडपाणी सेप्टिक टँकमध्ये जातं. तिथलं काम जिवाणू करतात, आणि बाटलीभर ब्लीच ओतलं की ते मरतात. ओले वाइप्स विरघळत नाहीत, पाकिटावर काहीही छापलेलं असो. शेवटच्या दिवशी चार धुणी एकदम लावली की टाकीतला गाळ ढवळून पाणी जमिनीत मुरवणाऱ्या नळ्यांत जातो आणि अंगणात ओलं, वास मारणारं ठिगळ उगवतं. रोज एक धुणं.

इतकं घराचं. पण सुट्टी शेवटी बंदरासाठी असते, आणि बंदर वेगळ्या घड्याळावर चालतं. बहुतेक किनाऱ्यांवर एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत १२ तास २५ मिनिटं लागतात, म्हणून रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा साधारण ५० मिनिटं उशिरा. अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांत उधाण, अष्टमीच्या मागेपुढे भांग, म्हणजे कमी चढ-उताराची भरती. पाणी मात्र एकसारख्या वेगानं चढत नाही. ढोबळ हिशोब बाराव्या हिश्श्यांचा: पहिल्या तासात एक हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. ओहोटी-भरतीत चार मीटरचा फरक असेल तर पहिल्या तासात पाणी फक्त ३३ सेंटिमीटर चढतं आणि तिसऱ्या तासात पूर्ण एक मीटर. ओहोटीला वाळूवरून चालत बेटावर गेलेले लोक नेमके इथे फसतात. तासभर काहीच घडत नाही असं दिसतं. तेवढ्यात किनाऱ्याकडच्या खोलगट चरांतून पाणी पाठीमागून भरत आलेलं असतं. पाणी सगळ्यात खाली जायच्या आधी निघायचं आणि ते फिरलं की लगेच परतीला लागायचं. भरती-ओहोटीच्या तक्त्यातली वेळ उन्हाळ्यात पुढे केलेल्या घड्याळाप्रमाणे आहे की नाही, तेही तपासायचं. एक तासाची चूक इथे पुरेशी असते. हवेचा दाब एक हेक्टोपास्कल उतरला की समुद्र साधारण एक सेंटिमीटर चढतो. वादळात दाब नेहमीच्या १०१३ वरून ९८० वर आला तर तक्त्यापेक्षा फूटभर जास्त पाणी, वाऱ्याचा रेटा वेगळा. उधाण आणि वादळ एकत्र आलं की धक्क्यावर गाडी लावू नये.

ओहोटीला कोरड्या पडणाऱ्या बंदरात बोटी चिखलावर बसतात. काहींना तळाशी दोन कणे असतात, त्या सरळ उभ्या राहतात. बाकीच्या दमलेल्या म्हशीसारख्या कुशीवर कलंडतात. धक्क्याच्या भिंतीवर शेवाळाची हिरवी रेघ दिसते. तिच्या खालची प्रत्येक पायरी आणि शिडीचा प्रत्येक गज निसरडा असतो, कोरडा दिसला तरी. ताणलेल्या दोरावरून ओलांडून जाऊ नका. भरतीबरोबर बोट वर येते, दोर झटक्यात ताठ होतो.

रात्री बंदराच्या तोंडाशी दोन दिवे लागतात. आत शिरताना लाल डावीकडे आणि हिरवा उजवीकडे, ही युरोप, आफ्रिका आणि आशियाच्या बहुतांश भागातली रीत. अमेरिका खंडांत, जपान, कोरिया आणि फिलिपिन्समध्ये बरोबर उलट. घरातून हे दिवे दिसत नाहीत, आधी सांगितलेल्या कारणानं. पण माळ्यावरच्या त्या हातभर खिडकीतून बहुधा दीपगृहाचा झोत दिसतो. प्रत्येक दीपगृहाची लय वेगळी असते आणि ती नकाशावर छापलेली असते, उदाहरणार्थ दर १५ सेकंदांत ३ झळकण्या. हळूहळू एक ते पंधरा मोजत झळकण्या धरायच्या, नकाशाशी ताडायच्या. दोन-तीन रात्रींत आपलं दीपगृह नावानं ओळखता येतं. ज्या पायऱ्या-पायऱ्यांच्या भिंगामुळे एवढासा दिवा मैलोगणती दिसू लागला, ते फ्रेंच अभियंता ओगुस्तँ फ्रेनेलचं भिंग पहिल्यांदा १८२३ मध्ये फ्रान्सच्या कोर्दुआँ दीपगृहात बसलं. बाहेर धुकं असेल तर झोत दिसणार नाही, फक्त भोंगा ऐकू येईल.

निघायच्या दिवशी सगळे जण फरशी पुसतात आणि भांडी घासतात. ओल्या फडक्यानं पुसून बंद केलेलं घर पुढच्या पाहुण्यापर्यंत कुबट होतं, म्हणून पुसणं शक्यतो आदल्या संध्याकाळी उरकायचं. राखेची बादली बाहेर. हीटर बंद न करता फाईलमध्ये लिहिलेल्या अंकावर आणायचा. कपाटांची दारं बोटभर उघडी, फ्रिज बंद करत असाल तर त्याचंही. खोल्यांमधली आतली दारं सगळी उघडी, बाहेरची सगळी बंद. आणि स्टोव्ह पुरता गार झाला असेल तर धुराड्याची झडप उघडी ठेवायची. पुढचं कुणी येईपर्यंत घर तिच्यातूनच श्वास घेतं.